मधल्या फळीतला बाळू

आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे एक चढ आहे. त्या चढावर एक माणूस रोज सकाळी उलटा चालत जातो, म्हणजे पाठ डोंगराकडे आणि तोंड आपल्याकडे, असा मेसेज ग्रुपवर पडला तेव्हा मार्च होता आणि बर्फ अजून पुरतं वितळलं नव्हतं. अमेरिकेतल्या पार्सिपनीतलं आमचं कॉम्प्लेक्स म्हणजे निम्मं हैदराबाद, पाव गुजरात आणि उरल्यासुरल्यात आम्ही. लगेच अकलेचे तारे तुटायला लागले. कोणी म्हणालं, पोलिसांना कळवा. कोणी म्हणालं, बिचारा आजारी असेल, जजमेंटल होऊ नका. एका काकांनी उलटं चालल्यानं शुगर कमी होते असा फॉरवर्ड टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्या चढावर एकाच्या जागी तीन माणसं उलटी चालताना दिसली.

मी नागपूरची. आम्हाला ग्रुपवर दळण दळत बसायला जमत नाही. मी कोट चढवला, चढाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले आणि तो खाली आल्यावर सरळ विचारलं, "काहो, तुम्ही उलटे का चालता?"

माणूस सावळा, मध्यम उंचीचा, मानेवर घाम. तो म्हणाला, "गुडघा सरळ चालायला नाही म्हणतो. म्हणून त्याला फसवतो."

हे सगळं इंग्रजीत बरं का. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. नाव विचारलं तर म्हणाला बाल्तासार. मी ते तीनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा तोंडातून बाळासाहेब आलं. शेवटी बाळूवर तडजोड झाली. तोही मला पहिल्या आठवड्यापासून काकू म्हणायला लागला, कारण कॉम्प्लेक्समधली झाडून सगळी पोरं मला काकू म्हणतात आणि त्याला वाटलं माझं नावच ते आहे. मी ते दुरुस्त केलं नाही. माझं खरं नाव अमेरिकेत आता फक्त डेंटिस्ट वापरतो.

बाळू मेक्सिकोचा. मिचोआकान नावाच्या राज्यातल्या एका लहानशा गावचा. प्रोफेशनल फुटबॉलर, आमच्या भागातल्या क्लबाचा खेळाडू, नुकताच आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेला. हे कळलं तेव्हा कॉम्प्लेक्समध्ये आनंदीआनंद झाला. मग पोरांनी फोनवर त्याची सगळी कुंडली काढली आणि आनंद ओसरला. गोल औषधाला. व्हिडिओ जवळजवळ नाहीतच. वय पस्तिशीचं, करार ह्या सीझनपुरता आणि त्यातही बहुतेक वेळ बाकावर. "काकू, ही इज जस्ट अ बॅकअप," असं वरच्या मजल्यावरच्या अनन्यानं मला सांगितलं, तेही असं की जणू मीच त्याला विकत आणलाय.

मग मी त्यालाच विचारलं की बाबा रे, तू तिथं नेमकं करतोस काय?

माझ्या ओट्याशी उभा राहून चहा पीत तो म्हणाला, "गोल करणारा असतो ना, त्याला कोणीतरी पास देतो. त्या पास देणाऱ्याला जो पास देतो, तो मी."

"म्हणजे नवरदेवाच्या मावशीच्या जावेचा भाऊ."

हे त्याला समजावून सांगायला पाच मिनिटं गेली. पण समजल्यावर तो इतका हसला की चहा नाकात गेला. पुढे नवीन माणसाला तो स्वतःची ओळख अशीच करून द्यायचा आणि समोरचा गोंधळला की माझ्याकडे बोट दाखवायचा.

त्याची एक खोड होती. काहीही हातात घेण्याआधी तो मान वळवून आधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, मग उजव्या. रूट शेहेचाळीसवरच्या आपल्या इंडियन दुकानात मी त्याला घेऊन गेले होते. काउंटरवरची बाई पिशवी पुढे करतेय आणि हा आपला डावीकडे बघतोय, उजवीकडे बघतोय. त्या बाईनं घाबरून मॅनेजरला खूण केली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय रे, कोणाचा खून करून आलायस का?" तर म्हणाला, मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्याला, चारी बाजूंनी माणसं येतात. बॉल पायाशी येण्याआधी मागे कोण आहे ते बघून ठेवलं नाही, तर बॉल गेला आणि पायही गेला. लहानपणापासून एवढं घोटलंय की आता पावाची लादी घेतानाही मान आपोआप वळते. आमच्या शिरीषनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ही सवय लगेच उचलली. पण तो फक्त फ्रीज उघडण्याआधी बघतो, मी मागे आहे का ते.

शिरीषचं आणि बाळूचं मेतकूट जमण्याचं कारण वेगळंच आहे. आमच्या इथली आयटीवाली मंडळी रविवारी सकाळी पार्कात फुटबॉल खेळतात. खेळतात म्हणजे, पंधरा मिनिटं खेळतात आणि दीड तास व्हिसावर बोलतात. मे महिन्यात गुडघा जरा सुधारला तेव्हा बाळूनं डॉक्टरची परवानगी काढली आणि गंमत म्हणून त्यांच्यात एकदा खेळायला गेला. सगळ्यांना वाटलं, आता हा चारपाच जणांना चकवणार, हवेत उलटी उडी मारणार. छे! हा बाप्या मैदानाच्या मधोमध उभा. बॉल आला की एकदाच पाय लावायचा आणि दुसऱ्याकडे द्यायचा. पळेचना. नागपूरचा आमचा एक भाचा खेळत होता, तो मला म्हणाला, "मामी, हा तर आपल्या ऑफिसातल्या मॅनेजरसारखा खेळतो यार, सगळं फॉरवर्डच करतो."

पण त्याच सामन्यात शिरीषनं गोल मारला. छप्पन्न वर्षांचा माणूस, आयुष्यात पहिला. त्याच्या सांगण्यानुसार तो आपला एका कोपऱ्यात दम खात उभा होता, कोणाचं लक्ष नाही, आणि अचानक बॉल अलगद येऊन त्याच्या बुटाला टेकला. समोर गोल उघडा. त्यानं फक्त पाय हलवला. ही कथा मी आता तोंडपाठ म्हणू शकते, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती पोह्यांबरोबर वाढली जाते. मी बाळूला नंतर विचारलं, "तुला शिरीषच का दिसला?" तो म्हणाला, "काकू, जो दमून उभा असतो त्याच्याकडे कोणी बघत नाही. म्हणून तो नेहमी मोकळा असतो." आणि मग हसून म्हणाला, "बॉलला पळू द्यावं. त्याला गुडघे नसतात."

डबा दिला तर दुसऱ्या दिवशी परत यायचा आणि कधीही रिकामा यायचा नाही. रिकामं भांडं परत देऊ नये हे त्यालाही घरीच शिकवलेलं होतं. कधी चिरलेला आंबा तिखट भुरभुरून, कधी पाव. पाव मात्र द्यायचा तो संकोचानं. म्हणायचा, "हा नीट झालेला नाही. माझ्या बापानं खाल्ला तर मला घराबाहेर काढेल."

ह्या बापाची गोष्ट मला हळूहळू कळली. बाळू एकदम सगळं सांगणारा माणूस नव्हता. पायऱ्यांवर बसून गुडघ्याला बर्फ बांधायचा तेव्हा थोडं थोडं सांगायचा.

बाप गावातला बेकरीवाला, डॉन सेवेरो. तिकडे डॉन म्हणजे आपल्या 'राव'सारखं, मानाचं. पहाटे भट्टी पेटवायची आणि रविवारी सगळ्यात जास्त खप. सामने नेमके रविवारी. बाळू पोरवयात शहरातल्या एका मोठ्या क्लबाच्या शाळेत गेला, तिथंच राहिला, तिथंच वाढला. डॉन सेवेरो म्हणजे त्या क्लबाचे जन्मापासूनचे भक्त. बेकरीत लक्ष्मीच्या जागी, म्हणजे त्यांच्या त्या माउलीच्या तसबिरीशेजारी, क्लबाचा झेंडा. पोरगा त्या क्लबाच्या मोठ्या टीममध्ये निवडला गेला, तेव्हा म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा रविवारी भट्टी बंद ठेवली, सगळ्या टीमला पुरेल एवढे गोड पाव खोक्यात भरले आणि रात्रभर बसमध्ये बसून सामन्याला गेले.

बाळूला त्या दिवशी मैदानात उतरवलंच नाही. नव्वद मिनिटं बाकावर.

"मग वडील काय म्हणाले?"

"म्हणाले, बाकावर सगळ्यांत ताठ तूच बसला होतास."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. वर्षभरानं ते परत एकदा गेले. परत तेच. त्यानंतर क्लबानं त्याला दुसरीकडे खेळायला दिलं, मग तिसरीकडे, सायकल भाड्यानं द्यावी तसं. तिथं तो खेळला, चांगला खेळला, पण ती गावं लांब होती, आई आजारी पडली होती आणि भट्टी काही थांबत नव्हती. मग अमेरिका. इथं आल्यावर त्यानं वडिलांच्या व्हिसासाठी अर्ज केला, तो नामंजूर. परत केला, परत नामंजूर. व्हिसाचं दुखणं आमच्या कॉम्प्लेक्सला नवीन नाही. त्या बाबतीत सगळे त्याचे सख्खे भाऊ झाले. प्रत्येकानं आपापला वकील सुचवला.

"त्यांनी मला खेळताना कधीच पाहिलेलं नाही, काकू," तो म्हणाला. "टीव्हीवर पाहिलंय. पण टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो. मी बॉल देऊन टाकलेला असतो. मी दिसतच नाही."

आणि आता म्हाताऱ्याचे डोळे जात चालले होते. काचबिंदू. जवळचं बरं दिसायचं, लांबचं सगळं धुरकट. गुडघा एकीकडे, डोळे दुसरीकडे, आणि करार ऑक्टोबरपर्यंत. बाळू कधी देवाला बोल लावणारा नव्हता, पण त्या दिवशी हातातल्या पिशवीतलं बर्फ वितळून गेलं तरी त्याला पत्ता नव्हता. मी आपलं आत जाऊन अजून बर्फ आणलं.

तिसऱ्यांदा व्हिसा मिळाला. जुलैत डॉन सेवेरो आले. बुटका, गोल, पांढऱ्या मिशांचा माणूस. बाळू त्यांना 'अपा' म्हणायचा, आपल्याकडे अप्पा म्हणतात तसंच, आणि बोलायचा अहोजाहो करूनच. आल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं पोराचा ओव्हन पाहून नाक मुरडलं, मग माझा ओव्हन तपासला आणि तो पास केला. पुढे रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा त्यांच्याकडे. मला स्पॅनिशचे विसेक शब्द, त्यांना इंग्रजीचे शून्य. तरी आमची रोज भांडणं व्हायची, साखर किती ह्यावरून. बाळू दारात उभा राहून ऐकायचा. इतका सुखी चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुमच्या मनात राहणार नाही. ऑक्टोबरात करार संपला, वाढवला नाही. बाळू मेक्सिकोला परत गेला. आता गावात पोरापोरींना फुटबॉल शिकवतो, दिवाळीला न चुकता फोन करतो. त्याच्या घरात आता एक कन्नड जोडपं राहतं, चांगली माणसं आहेत. पण बाळू म्हटलं की मला जुलैतला तो एकच रविवार आठवतो.

उन्हाळ्यात मेक्सिकोचे क्लब इकडे दौऱ्यावर येतात. त्या वर्षी नेमका बाळूचा तो जुना क्लब आमच्या क्लबाशी खेळायला आला. कप नाही, बक्षीस नाही, नुसता मैत्रीचा सामना. बाकी कोणाच्या दृष्टीनं त्यात काही नव्हतं. बाळू आदल्या दिवशी तीन तिकिटं घेऊन आला. म्हणाला, "काकू, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. उतरवतील की नाही माहीत नाही. पण उतरलो, तर ह्यातला मी कुठला ते त्यांना सांगा."

मी म्हटलं, "सांगेन रे. गळ्याची शपथ."

दुपारचं टळटळीत ऊन. स्टेडियम खच्चून भरलेलं आणि त्यातले बहुतेक लोक पाहुण्या क्लबाचे. ह्या देशात राबणारी सगळी मेक्सिकन मंडळी बायकापोरांसकट आलेली, ढोल, झेंडे. डॉन सेवेरो स्वतः त्याच क्लबाचा जुनापुराणा शर्ट घालून बसलेले. शिरीष म्हणाला, "हे नक्की कोणाच्या बाजूनं आहेत?" मी म्हटलं, "गप बस. लेकीच्या सासरी माहेरची माणसं जेवायला आलीत असं समज."

पहिला अर्धा भाग बाळू बाकावर. मी म्हाताऱ्याकडे बघायची हिंमत केली नाही. दुसरा अर्धाही निम्मा सरला. पाहुणे एका गोलनं पुढे. मनात म्हटलं, देवा गजानना, पाच मिनिटं तरी दे रे, तुझ्या बापाचं काय जातं. आणि खरंच, वीसेक मिनिटं उरली असताना बाळू उठला, जॅकेट काढलं आणि मैदानात आला. मी डॉन सेवेरोंचा हात धरला, त्यांचंच बोट करून मैदानाच्या मध्यावर रोखलं आणि म्हटलं, "तो! तो! पांढरे बूट!" त्यांनी डोळे बारीक केले. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. त्यांना आता माझी गरज नव्हती. पोराची चाल त्यांनी ओळखली होती.

मग ते झालं. कोपऱ्यातून आलेला बॉल कोणीतरी डोक्यानं बाहेर ढकलला, तो घरंगळत बाळूसमोर आला. पुढे सगळी गर्दी. पास द्यायला माणूसच नव्हता. म्हणून त्यानं मारला, जमिनीलगत, दहा पायांच्या मधून, आणि जाळं हललं.

शिरीष उडाला. मी उडाले. आजूबाजूचं अख्खं स्टेडियम मात्र चिडीचूप. आणि बाळू? तो धावला नाही, ओरडला नाही. त्यानं दोन्ही तळवे छातीसमोर धरले, मान खाली घातली आणि प्रेक्षकांची माफी मागितल्यासारखा सावकाश चालत मागे गेला. साथीदारांनी मिठ्या मारल्या तरी हा गंभीर. फुटबॉलवाल्यांत ही रीतच आहे म्हणे. ज्या क्लबाचं अन्न खाल्लं, त्याच्यावर गोल केला तर आनंद दाखवायचा नाही. हे मला तेव्हा काय माहीत!

डॉन सेवेरोंना माहीत असणार, पण त्यांना दिसलं ते एवढंच की लोक गप्प आहेत आणि पोरगा न धावता सावकाश मागे चाललाय. ते खाली बसले. हातानं 'नाही' अशी खूण केली. गोल धरला नाही असं त्यांना वाटलं. मी त्यांना गदागदा हलवत म्हटलं, "गोल! डॉन सेवेरो, गोल! खरा!" तर ते माझ्याच हातावर थोपटायला लागले, असू दे पोरी, असू दे. शिरीष स्कोअरबोर्ड दाखवतोय, तो त्यांना दिसत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अहो, माणसाचं आयुष्य गेलं ह्या एका क्षणासाठी, आणि तो घडूनही त्याच्यापर्यंत पोचेना!

शेवटी पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ मागे वळला. त्याच क्लबाचा शर्ट, तोंड पडलेलं, कारण त्याच्याच टीमवर गोल झाला होता. तो स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. मला 'गोल' आणि 'रेस्पेतो', म्हणजे रिस्पेक्ट, एवढंच कळलं. डॉन सेवेरोंनी त्याला परत परत विचारलं. त्यानं परत परत मान डोलावली. मग म्हातारबाबांनी टोपी काढली आणि सामना संपेपर्यंत ती मांडीवर धरून बसले.

सामना बरोबरीत सुटला. आम्ही पार्किंगमध्ये गाडीपाशी थांबलो. बऱ्याच वेळानं बाळू आला, पायात सपाता, गुडघ्याला बर्फ बांधलेलं. बाप त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि जे सुरू झाला! मी म्हटलं, मेला हा आता. बाळू मान खाली घालून ऐकत होता आणि मधूनमधून आमच्यासाठी इंग्रजीत सांगत होता. "म्हणतायत, त्यांनी तुला बाकावर बसवलं, दुसऱ्यांना दिलं. आणि तू त्यांची माफी मागतोस?"

मग बाळू त्यांना काहीतरी म्हणाला. मी विचारलं, "तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अपा, खेळायला त्यांनीच शिकवलं ना मला."

म्हातारा थबकला. त्याला ते पटलं असावं. त्यानं मिशीवरून हात फिरवला, भोवतालच्या गाड्यांकडे पाहिलं आणि शांतपणे दोन वाक्यं बोलला. ह्या वेळी बाळूनं भाषांतर केलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे म्हणाला, "म्हणतायत, बरोबर आहे तुझं. पण इथं त्यांचं कोणी नाही. इथं मी आहे."

आणि डॉन सेवेरोंनी दोन्ही हातांनी पोराला मागे ढकललं. पळ, गोल केल्यावर पळतात तसा, असं.

बाळूनं सपाता काढल्या. हात पसरले. आणि पळाला! त्या तापलेल्या डांबरावरून, अनवाणी, बर्फाची पिशवी गुडघ्यावर आपटतेय, गाड्यांच्या रांगांमधून वाट काढत, पस्तीस वर्षांचा घोडा. बाप ओरडत होता, 'गोल' हा एकच शब्द, श्वास संपेपर्यंत लांबवलेला. गाड्या बाहेर काढणारे लोक थांबले. त्या क्लबाचे शर्ट घातलेल्यांनीही हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बाळू लांबवरच्या दिव्याच्या खांबाला वळसा घालून परत आला, बापाच्या अगदी जवळून गेला, आणि थांबला नाहीच, परत सुटला. शिरीष "गुडघा, अरे गुडघा!" करत त्याच्या मागे धावला. मीही तोंडाला हात लावून ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, पण मराठीतच असणार.